इंदुरात जनुकशास्त्र-बायोइन्फर्मेटिक्सवाल्यांचा कट्टा जमेल का?

अनघा_इं

खंडवा रोडनं गावाबाहेर पडायला लागलं की विद्यापीठाचा तक्षशिला परिसर लागतो, त्यात स्कूल ऑफ बायोटेक्नॉलॉजी. त्याच रस्त्यावर सोयाबीन संशोधन संस्था. आणखी पुढे सिमरोलला आयआयटी, तिथेही बायोसायन्सेसचा विभाग आहे. गावात एमजीएम मेडिकल कॉलेज, गव्हावर काम करणारं आयएआरआयचं (भारतीय कृषी संशोधन संस्थेचं) प्रादेशिक केंद्र, राजेंद्रनगरच्या पलीकडे कॅट, म्हणजे अणुऊर्जा खात्याचं प्रगत तंत्रज्ञान केंद्र. एवढं सगळं असून इथल्या सोयाबीनवाल्याला मेडिकलमधला हिमोग्लोबिनवाला ठाऊक नाही, आणि या दोघांना आकडेवारीची 'आर' ही संगणकभाषा शिकवणारी बाई ठाऊक नाही. भेट झालीच तर हैदराबादच्या परिषदेत, चहाच्या रांगेत. "अरे, तुम्हीपण इंदूरचे?"

मी एका खासगी महाविद्यालयात बायोटेक शिकवते. दर वर्षी दोन-चार पोरं खरोखर चमकदार निघतात. त्यांचा प्रश्न एकच, "मॅडम, प्रोजेक्ट कुठे करू?" आणि माझं उत्तरही ठरलेलं, पुणे नाहीतर बंगळूर. गेलेली पोरं परत येत नाहीत.

तर विचारायचं असं की इंदूर-उज्जैन-देवास-महू एवढ्या टापूत जनुकशास्त्र आणि बायोइन्फर्मेटिक्समध्ये (म्हणजे जनुकांची माहिती संगणकावर उलगडण्यात) काम करणाऱ्यांचा समूह उभा करायचा झाला तर सुरुवात कुठून करावी? एक मोठी परिषद घेऊन? सगळ्यांनी मिळून अर्ज करून एखादा सर्व्हर मिळवून? की काही न करता नुसतं भेटत राहायचं? माझा कल सर्व्हरकडे आहे, कारण सामायिक वस्तू असली की लोक येतात. इथे इंदूरकर बरेच आहेत आणि इंदूर सोडून गेलेलेही, म्हणून विचारतेय.

खवचट आजोबा

पहिली पायरी: व्हॉट्सॲप ग्रुप. दुसरी पायरी: गुड मॉर्निंग. तिसरी पायरी: 'अमुक हॅज लेफ्ट'. शुभेच्छा.

टंकमित्र

रुमाल टाकून ठेवतो. सवडीने लिहितो.

लिनक्सवाला भिया

अनघाताई, सर्व्हर नको. हात जोडून सांगतो. सर्व्हर आला की एसी लागतो, एसी आला की यूपीएस, यूपीएस आला की दोन वर्षांनी बॅटरी बदलायचं टेंडर, आणि तोवर ज्याला पासवर्ड माहीत होता तो पोस्टडॉकला गेलेला.

शिकायला काय लागतं ते बघा. ई. कोलाय या जिवाणूचा जीनोम, म्हणजे सगळा डीएनए मिळून, ४६ लाख अक्षरांचा, यीस्टचा १ कोटी २० लाखांचा. साध्या लॅपटॉपवर खेळण्यातले आकडे आहेत हे. माणसाचा जीनोम तीनशे कोटींचा. तो प्रत्येक जागा सरासरी तीस वेळा वाचली जाईल इतका सिक्वेन्स केला तर एका माणसाची कच्ची फाइलच साठ ते शंभर जीबी भरते, तिथे लॅपटॉप मान टाकतो, मान्य. पण त्यासाठी गॅलेक्सी आहे, असं विश्लेषण इंटरनेटवरून करू देणारी सोय. त्याच्या युरोपातल्या सर्व्हरवर नाव नोंदवलं की २५० जीबी जागा फुकट मिळते, कमांड लाइन न येणाऱ्यालाही माउसनं काम करता येतं आणि सोबत शिकवणीचे धडेही आहेत. ज्याला प्रोग्रॅमिंगचा सराव हवा त्याच्यासाठी रोझालिंड नावाची साइट आहे, एकेक कोडं सोडवत पुढे जायचं.

लोक येतात ते यंत्रासाठी नाही हो. अडल्यावर विचारायला कुणी आहे म्हणून येतात.

राजेंद्रनगरकर

भियाशी अर्धा सहमत. मी आयुष्यभर यंत्रांत काढलं, म्हणून यंत्राची बाजू मांडतो. कॅटमध्ये इंडस-२ आहे, २.५ जीईव्हीचा सिंक्रोट्रॉन, म्हणजे इलेक्ट्रॉन फिरवून तीव्र क्ष-किरण काढणारं यंत्र. त्यावर प्रोटीन क्रिस्टलोग्राफीची (प्रथिनाच्या क्रिस्टलवरून त्याची रचना शोधण्याची) एक बीमलाइन आहे. देशभरातली मंडळी आपापले क्रिस्टल घेऊन येतात, वेळ ठरलेली असते, रात्र रात्र बसतात. त्या रांगेत ओळखी होतात, भांडणं होतात, एकमेकांचे क्रिस्टल का बिघडले यावर वाद होतात. यंत्र लोकांना एकत्र आणतं हे मी पाहिलंय. पण ते काम करणाऱ्यांना एकत्र आणतं. काम आधी असावं लागतं.

सह्याद्रीचा वारा

पुण्याहून लिहितोय, त्यामुळे शिव्या खायची तयारी ठेवली आहे.

समूह भेटीगाठींनी होत नाही, पगाराच्या जागांनी होतो. केंद्राच्या बायोटेक्नॉलॉजी विभागानं १९८६-८७ मध्ये बायोइन्फर्मेटिक्स केंद्रांचं देशभर जाळं विणायला घेतलं. जगात त्या वेळी असं फारसं कुठे नव्हतं. पुणे विद्यापीठातलं केंद्र १९८७ चं. त्यातून अभ्यासक्रम आला, अभ्यासक्रमातून शिक्षक, त्यांच्यातून पुढची पिढी. शेजारी सीडॅक, मग २००६ ला आयसर. पुण्यात लोक एकमेकांना ओळखतात ते कुणी कट्टा भरवला म्हणून नव्हे, तर तीस-पस्तीस वर्षं त्याच गावात नोकऱ्या होत्या म्हणून. तुमच्याकडे पोरगं शिकून तयार झालं की त्याला ठेवणार कुठे?

अनघा_इं

त्याच जाळ्यात आपल्या देवी अहिल्या विद्यापीठालाही उपकेंद्र मिळालं होतं की. म्हणजे बी पेरलेलं आहे. जागांचं म्हणणं खरं आहे, पण जागा निघाव्यात असं सांगणारं तरी कुणी हवं ना? एकेकट्या प्राध्यापकाच्या अर्जाला कोण विचारतं?

एमएस्सी_पार्ट_टू

मी विद्यार्थी. खरं सांगू का? आम्हाला ब्लास्ट (जनुकांचे क्रम जुळवून बघणारं साधन) चालवता येतं, वंशवृक्षाचं झाड काढता येतं, डॉकिंगचं (औषधाचा रेणू प्रथिनात कसा बसतो त्याचं) रंगीत चित्र काढून प्रोजेक्ट रिपोर्टवर चिकटवता येतं. त्यापुढे काय ते कुणी सांगत नाही. वर्गातले निम्मे नेट परीक्षेच्या क्लासला, कारण जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर महिना ३७,०००. एक प्रश्न: कोडिंग आल्याशिवाय या क्षेत्रात काही होतं का? लाजत विचारतोय.

खवचट आजोबा

डॉकिंगचं रंगीत चित्र! हळद आणि कोविडचं होतं ना? माझ्या भाच्याचंही तेच होतं.

लिनक्सवाला भिया

@पार्ट_टू, लाजायचं काय त्यात. मी इंजिनियर, मला उलटं लाजायला होतं: कोड येतो, पण एक्सॉन म्हणजे काय ते चाळिशीत कळलं. दोघं एका बाकावर बसलो तर दोघांचं भागेल.

पॅथॉलॉजीकाकू

जरा लांबण लावते, चालवून घ्या.

झाबुआ-आलीराजपूरकडचे रुग्ण इंदूरला येतात हे इथल्या सगळ्यांना माहीत आहे. १ जुलै २०२३ ला शहडोलहून, म्हणजे आपल्याच राज्यातून, सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू झालं. चाळिशीच्या आतल्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ चं उद्दिष्ट. तपासणी म्हणजे आधी सोल्युबिलिटी टेस्ट. स्वस्त आहे, गावात होते. पण वाहक (दोषाची एकच प्रत असलेला) असो की रुग्ण, नळीतलं द्रावण दोघांचंही गढूळच होतं. म्हणून पुढे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारं एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस करावंच लागतं. तान्ह्या बाळात गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन इतकं असतं की सोल्युबिलिटी निगेटिव्ह येऊन फसवते. रुग्णाला नुकतंच रक्त चढवलेलं असेल तर एचपीएलसीच्या आलेखात दात्याचं हिमोग्लोबिन मिसळलेलं असतं. 'रक्त कधी चढवलं?' हा प्रश्न फॉर्मवर नसेल तर पुढचं सगळं गणित चुकतं.

आता तुमच्या विषयाचं. सिकलसेलमध्ये बदल एकच. अकराव्या गुणसूत्रावर बीटा ग्लोबिनच्या जनुकात जीएजीचं जीटीजी होतं, ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन येतं. तरीही एकाच घरातला मुलगा वारंवार हाडं दुखून दाखल होतो आणि त्याच दोषाची बहीण वर्षानुवर्षं दवाखान्याचं तोंड पाहत नाही. का? गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन किती टिकलं, जोडीला अल्फा थॅलेसेमिया आहे का, ते गर्भातलं हिमोग्लोबिन बंद करणाऱ्या बीसीएल११ए जनुकात काय फरक आहेत, गावात मलेरिया किती, पाणी किती प्यायला मिळतं. भारतात जो सिकलसेल आहे तो अरब-भारतीय हॅप्लोटाइपचा, म्हणजे त्या बदलाच्या आजूबाजूच्या डीएनएची ठेवण तशी. पाठ्यपुस्तकं त्याला सौम्य म्हणतात. वॉर्डात उभं राहून तसं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

हा प्रश्न इथला आहे. आलेख आहेत, रुग्ण आहेत. आकडे मांडून देणारा माणूस नाही, आणि ज्याला ते येतं तो कुठल्यातरी अमेरिकन कर्करोगाच्या डेटावर पेपर लिहीत बसलेला असतो, कारण तो डेटा फुकट उतरवता येतो. सर्व्हर, परिषद सगळं राहू द्या. एक प्रश्न उचला आणि त्याच्याभोवती बसा.

नागपुरी संत्रं

काकू, १०० टक्के सहमत. आमच्या विदर्भातही सिकलसेल काही सौम्य नाही. 'सौम्य' लिहिणाऱ्याला एकदा उन्हाळ्यात वॉर्डात आणून उभा करावा.

गव्हाळ

काकूंनी माणसांचं सांगितलं, मी पिकाचं सांगतो. दुखणं तेच.

माळव्याचा कठिया गहू, म्हणजे ड्युरम. साध्या गव्हात गुणसूत्रं ४२, याच्यात २८, डी जीनोम नावाचा गुणसूत्रांचा एक अख्खा संच याच्याकडे नाही. बाफले (आपले उकडून भाजलेले कणकेचे गोळे) याचेच व्हावेत. इंदूरच्या आयएआरआय केंद्रातून एचआय ८४९८, एचआय ८७१३, एचआय ८७५९ (पूसा तेजस) असे कठियाचे वाण निघाले, शेतकऱ्यांना ते तोंडपाठ असतात. साध्या गव्हाचा संदर्भ जीनोम २०१८ ला पूर्ण झाला, ड्युरमचा २०१९ ला. सोयाबीनचा तर २०१० पासून आहे. म्हणजे अक्षरं सगळी फुकट पडलेली आहेत.

मग अडतं कुठे? फेनोटाइपवर, म्हणजे डोळ्यांना दिसणाऱ्या, मोजता येणाऱ्या गुणांवर. कुठल्या वाणाला कुठल्या वर्षी तांबेरा किती लागला, ओंबी कधी निघाली, दाण्यावर पिवळेपणा किती, हे मोजून वर्षानुवर्षं लिहिलेलं असतं. कुठे? शेतावरच्या वहीत. पेन्सिलीनं. वहीचं पुढे काय होतं ते वाळवीला विचारा. मी एका केंद्रात (नाव सांगत नाही) दोन कपाटं भरून अशा वह्या पाहिल्यात. त्या टाइप करायला कुणाला सांगितलं की म्हणतो, "यात पब्लिकेशन नाही सर." जीनोटाइपिंग, म्हणजे जनुकं तपासणं, दर वर्षी स्वस्त होत चाललंय, पण १९९४ चा हंगाम पुन्हा मोजता येणार नाही.

माझं मत: तुमच्या समूहानं पहिल्या वर्षी एकही जनुक बघू नये. वह्या टाइप कराव्यात.

टंकमित्र

शेवटी माझ्या आयडीला न्याय मिळाला.

एमएस्सी_पार्ट_टू

सर, वह्या एक्सेलमध्येच टाइप करायच्या ना?

लिनक्सवाला भिया

कर, पण सांभाळून. एक्सेलला जनुकांची नावं कळत नाहीत. 'मार्च-१' आणि 'सेप्ट-२' नावाची जनुकं होती, एक्सेल त्यांच्या तारखा करून टाकायचं. २०१६ मध्ये कुणीतरी छापील पेपरांसोबतच्या एक्सेल फायली तपासल्या, तर जनुकांची यादी असलेल्या साधारण दर पाचातल्या एका पेपरात हा घोळ सापडला. शेवटी २०२० मध्ये नामकरण समितीनं एक्सेलपुढे हात टेकले आणि जनुकांचीच नावं बदलली. मायक्रोसॉफ्ट जिंकलं, विज्ञान हरलं.

खवचट आजोबा

स्वच्छतेत सारखा पहिला नंबर काढणाऱ्या शहरानं डेटाच्या सफाईतही नंबर काढायला हरकत नाही. ओला डेटा वेगळा, सुका डेटा वेगळा. गाडी आली की गाणं लावा.

मालती_तिळकनगर

आजोबा :-))
बाकी गव्हाळ, बाफल्याला ड्युरम हवाच असं नाही. आमची आजी लोकवनचे करायची आणि काही बिघडत नव्हतं.

गव्हाळ

मालतीताई, आजीपुढे बोलणार नाही. पण तुपाचा खर्च विचारा.

नागपुरी संत्रं

सोयाबीनवरून एक टोमणा मारून घेतो. तुम्ही 'सोया प्रदेश' म्हणवता, पण आमच्याकडच्या शेतकऱ्यानं वर्षानुवर्षं पेरलं ते जेएस ३३५, आणि ते जबलपूरचं. इंदूरचं नाही. :-D

अनघा_इं

धागा बाफल्यावर जायच्या आत परत आणते. काकू आणि गव्हाळ दोघंही म्हणताहेत की आधी प्रश्न ठरवा. पण प्रश्न ठरवायला तरी माणसं एकत्र हवीत, आणि त्यातली निम्मी अजून शिकायची आहेत. शिकवायचं कुणी? इथे पूर्ण वेळ शिकवू शकतील अशी माणसं हाताच्या बोटांवर.

दक्षिणवारी

मी काही वर्षं केपटाऊनला होते. तिथला नमुना उपयोगी पडेल.

आफ्रिकेत हीच अडचण होती, आपल्यापेक्षा मोठी. जनुकीय अभ्यासांचा एच३आफ्रिका हा मोठा कार्यक्रम २०१० नंतर सुरू झाला, त्याला जोडून एच३एबायोनेट हे बायोइन्फर्मेटिक्सचं जाळं आलं. केपटाऊन विद्यापीठाच्या निकोला मल्डर त्याच्या प्रमुख. इंटरनेट अधूनमधून जाणारं, शिक्षक मोजके, देश लांब लांब. त्यांनी काय केलं, तर २०१६ पासून प्रास्ताविक अभ्यासक्रम 'वर्गां'मधून चालवला. पहिल्याच खेपेला १० देशांतल्या २० संस्थांत वर्ग होते. व्याख्यान आधीच ध्वनिचित्रित करून पाठवलेलं, म्हणजे नेट गेलं तरी अडत नाही. ठरलेल्या वेळी सगळे वर्ग एकदम जोडले जायचे आणि शिक्षकाला प्रश्न विचारायचे. प्रत्येक वर्गात स्थानिक मदतनीस. तो तज्ज्ञ असायलाच हवा असं नाही. सॉफ्टवेअर चालू होत नसेल तर शेजारी बसून चालू करून देणारा हवा, बस.

यातलं महत्त्वाचं ते 'शेजारी बसून'. घरी एकट्यानं ऑनलाइन कोर्स घेणारे मधेच गळतात. वर्गात बसलेले एकमेकांची लाज धरून टिकतात. आणि कोर्स संपल्यावर त्या खोलीत जे उरतं तो तुमचा समूह. आयता.

इंदूरला एक खोली, उज्जैनला एक, महूला एक. शिक्षक कुठलाही असू दे, पुण्याचाही चालेल. सह्याद्रीचा वारा, ऐकताय ना?

सह्याद्रीचा वारा

ऐकतोय. महिन्यातून एक तास द्यायला माझी ना नाही. माझा जागांचा मुद्दा मात्र तसाच उभा आहे. आफ्रिकेतल्या त्या जाळ्यामागे अमेरिकेच्या एनआयएच आणि ब्रिटनच्या वेलकम ट्रस्टचा पैसा होता, नुसती लाज नव्हती.

राजेंद्रनगरकर

पैशाचं निघालं म्हणून एक जुनी गोष्ट. इंदूरला १९२४ साली इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री निघाली, अल्बर्ट हॉवर्ड तिचे संचालक. हॉवर्ड म्हटलं की लोकांना कंपोस्टची 'इंदूर पद्धत' आठवते. १९३५ साली हिंदी साहित्य संमेलनाला आले असताना गांधीजींनीही ती इथे येऊन पाहिली. पण त्याआधी बिहारातल्या पुसाला असताना अल्बर्ट आणि गॅब्रिएल या नवराबायकोनं गव्हाचे वाण काढले होते, मुळात ती वनस्पतींच्या पैदाशीतली माणसं.

मला सांगायचंय ते पैशाचं. ही संस्था एका सरकारी खात्याच्या जिवावर उभी नव्हती. जमीन होळकर दरबारची, मोठा हिस्सा कापूस समितीचा, आणि वर मध्य भारतातल्या संस्थानांची वर्षाची वर्गणी. वर्गणी भरणाऱ्या संस्थानाला आपल्या शेतीचा सल्ला हक्कानं मागता यायचा. प्रादेशिक म्हणतात ते हे. आज इंदुरात सोया उद्योग आहे, पिथमपूरला औषध कंपन्या आहेत, बियाणेवाले आहेत, रुग्णालयं आहेत. त्यांच्याकडे देणगी मागायला जाऊ नका. वर्गणी मागा आणि तिच्या बदल्यात त्यांना काय मिळेल ते कागदावर लिहून द्या. देणगी एकदाच मिळते.

गव्हाळ

वा काका. हे माहीत नव्हतं. वर्गणीचा मुद्दा एकदम पटला.

बिनीचा_शिलेदार

सगळं वाचलं. मला वाटतं तुम्ही सोन्याच्या खाणीवर बसून पोहे खाताय. भारतात पोटजातीतल्या लग्नांमुळे शेकडो 'फाउंडर' गट आहेत, म्हणजे मोजक्या पूर्वजांपासून वाढलेले, त्यामुळे त्यांचे जनुकीय दोष एकवटलेले. २०१७ मध्ये नेचर जेनेटिक्समध्ये निबंध आला होता, हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेची मंडळी त्यात होती. त्यांनी तपासलेल्या दक्षिण आशियातल्या २६३ गटांपैकी ८१ गटांत हा परिणाम फिन लोकांपेक्षा आणि अश्केनाझी ज्यूंपेक्षाही तीव्र निघाला. सिंध्यांमध्ये बीटा थॅलेसेमियाचं ६१९ अक्षरं गळालेलं रूप जास्त दिसतं. अग्रवालांमध्ये एमएलसी१ जनुकातल्या एका बदलानं मुलांच्या मेंदूचा आजार होतो. दोन्ही समाज इंदुरात भरपूर. शिबिरं घ्या, नमुने गोळा करा, झाबुआला एक गाडी पाठवा. दोन वर्षांत चांगले पेपर निघतील. वाट कसली बघताय?

झाबुआची मास्तरीण

गाडी पाठवा म्हणे.

मी इथे शिकवते. रक्त घ्यायला गाड्या येतात. काही नीट येतात, काही बोट टोचून जातात आणि निकाल सांगायला कुणी परत येत नाही. कार्ड हातात पडल्यावर काय होतं ते ऐका. 'वाहक' म्हणजे आजारी नव्हे, हे समजावून सांगितलेलं नसतं. मुलगा वाहक निघाला तर घरात कुणी फारसं बोलत नाही. मुलगी निघाली की तिच्या लग्नाची बोलणी अडतात आणि मग कार्ड लपवून ठेवतात. दोन्ही आई-बाप वाहक असतील तरच प्रत्येक गरोदरपणात चारातली एक शक्यता रुग्ण मूल होण्याची, हे भिलीत सांगणारी माणसं तुमच्या समूहात किती आहेत? पेपर निघतील हो. पुढे?

दक्षिणवारी

मास्तरीणबाईंना जोरदार अनुमोदन. अमेरिकेत हवासुपाई जमातीचं हेच झालं. १९९० च्या सुमारास मधुमेहाच्या अभ्यासासाठी म्हणून रक्त दिलं. विद्यापीठानं तेच नमुने स्किझोफ्रेनिया, नात्यातली लग्नं आणि जमातीचं स्थलांतर यांच्या अभ्यासाला वापरले, न विचारता. प्रकरण कोर्टात गेलं, २०१० मध्ये तडजोड झाली, सात लाख डॉलर द्यावे लागले आणि नमुने जमातीला परत करावे लागले.

पॅथॉलॉजीकाकू

शिलेदार, तुमची माहिती बरोबर आहे, पण घाई चुकीची आहे. थॅलेसेमियाचंच घ्या. सिंधी कुटुंबांत लग्नाआधी एचबीए-टू (ज्यावरून वाहक ओळखतात ते हिमोग्लोबिन) तपासा असं सांगण्यात मी कितीतरी संध्याकाळी घातल्यात. समाजाच्या पुढाऱ्यांनी स्वतः शिबिर बोलावलं तर लोक येतात. बाहेरचा माणूस 'तुमच्या समाजात हा दोष आहे' असं सांगत आला तर दार बंद. नैतिक समितीची परवानगी हा कागद झाला. ती हवीच, पण तेवढ्यानं भागत नाही.

बिनीचा_शिलेदार

मुद्दा मान्य. पण मग काहीच करू नये का? डेटा नसेल तर इलाजही दुसऱ्यांच्याच डेटावर बनणार. जगभरच्या माणसांचे जीनोम वाचणाऱ्या १००० जीनोम्स प्रकल्पाचंच बघा: २,५०४ माणसं, २६ गट. दक्षिण आशियाचे पाच गट. गुजराती घेतले ह्यूस्टनमध्ये, तेलुगू आणि श्रीलंकेतले तमिळ ब्रिटनमध्ये, पंजाबी लाहोरला, बंगाली बांगलादेशात. भारताच्या भूमीवर घेतलेला एकही नमुना त्यात नाही!

लिनक्सवाला भिया

भिया, हा मुद्दा मात्र लाखाचा. आणि यातच पहिल्या बैठकीचं काम दडलंय बहुतेक. तो सगळा डेटा खुला आहे. अकराव्या गुणसूत्राचा बीटा ग्लोबिनभोवतीचा तुकडा काढला तर फाइल लॅपटॉपवर मावते. सिकलसेलचा बदल, आरएस ३३४, कुठल्या गटात किती जणांत आहे ते पोरांनी मोजायचं. आफ्रिकी गटांत भराभर सापडेल. मग विचारायचं: झाबुआ यात कुठे आहे? कुणाचंही बोट न टोचता अख्खी दुपार शिकण्यात जाईल.

सह्याद्रीचा वारा

त्यात भर. जीनोम इंडिया या आपल्या सरकारी प्रकल्पाचे १०,००० जीनोम जानेवारी २०२५ पासून फरिदाबादच्या इंडियन बायोलॉजिकल डेटा सेंटरमधून संशोधकांना खुले झालेत. २० संस्थांनी मिळून केलेलं काम, ८३ लोकगट, त्यात आदिवासी गटही आहेत. मात्र तो डेटा १००० जीनोम्ससारखा थेट उतरवता येत नाही. रीतसर अर्ज करावा लागतो, आपला प्रश्न काय ते लिहून द्यावं लागतं. म्हणजे पुन्हा काकूंच्या मुद्द्यावर आलो. प्रश्न नसेल तर अर्जात लिहाल काय? तुमच्या समूहाचा पहिला सामायिक कागद हा अर्ज असू द्या. लिहून झाला की मी वाचून लाल शाई लावून देईन. फुकट.

खवचट आजोबा

पुणेकर फुकट म्हणाला! स्क्रीनशॉट काढून ठेवा रे.

अनघा_इं

चला, ठोस होतंय. दर दुसऱ्या शनिवारी दुपारी तीन ते सहा असं धरते. पहिल्या बैठकीला भियांचा बीटा ग्लोबिनचा तुकडा, शिकवायला भिया आणि जीवशास्त्र सांगायला काकू. दुसरीला गव्हाळ यांच्या वह्यांचे फोटो. वही फोटोवरून टाइप करायची, दोघांनी वेगवेगळी, आणि फरक पडेल तिथे भांडायचं. मास्तरीणबाई, तुम्ही एखाद्या बैठकीला फोनवर तरी याल का? नमुने कसे घ्यायचे हे नको. कार्ड कसं समजावायचं, एवढंच.

झाबुआची मास्तरीण

येईन. प्रत्यक्ष येईन, बस आहे. पण माझ्याबरोबर बारावी झालेल्या दोन मुली आणणार. त्यांना मागच्या बाकावर बसवायचं नाही.

पॅथॉलॉजीकाकू

शनिवारी माझी ओपीडी दोनला संपते म्हणतात, संपत नाही. चार करा.

राजेंद्रनगरकर

राजेंद्रनगरात आमच्या सोसायटीचा हॉल आहे. प्रोजेक्टर आहे, पंखे आहेत, दुपारी भजनी मंडळ असतं ते साडेतीनला उठतं. हॉलचं भाडं मी बघतो. नाव मात्र वर्गणीच्या वहीत लिहायचं, देणगीच्या नाही.

गव्हाळ

चार चालेल. वह्यांचं वरिष्ठांना विचारून सांगतो. मला फोटो काढू देतील असं वाटतंय. कपाटाची किल्ली कुणाकडे आहे ते आधी शोधावं लागेल.

मालती_तिळकनगर

मी यातली काहीच नाही, निवृत्त बँकवाली. पण टायपिंग भराभर येतं आणि आकड्यांत चूक करत नाही. वह्यांना आले तर चालेल?

गव्हाळ

चालेल काय, पळेल! आजीच्या बाफल्यांबद्दलचे शब्द परत घेतो.

एमएस्सी_पार्ट_टू

मी येतोय, माझ्याबरोबर वर्गातले तिघे. सर, माझा लॅपटॉप ४ जीबीचा आहे आणि जुना आहे. त्या अकराव्या गुणसूत्राला पुरेल का?

लिनक्सवाला भिया

तुकडाच आहे, पुरेल. क्रोमच्या चाळीस टॅब बंद करून ये. आणि चार्जर आण, हॉलमध्ये प्लग किती आहेत ते काकांनी अजून सांगितलेलं नाही.

राजेंद्रनगरकर

दोन. त्यातला एक प्रोजेक्टरचा. एक्स्टेन्शन बोर्ड आणा.